पहाटेसाठी फिकट पिवळा

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार आधी घे, तक्रार शेवटी आहे.

तुझा पडदा काल पोचला. गुंडाळी एवढी जड की टेम्पोवाला आणि आमचे दोन सुतार मिळून ती रंगमंचावर आणेपर्यंत तिघांच्याही तोंडाला फेस आला. वरच्या दांडीला बांधला, दोर सोडला आणि तुझं पहाटेचं आकाश सळसळत खाली आलं. हाताने रंगवलेला पडदा इथल्या निम्म्या लोकांनी कधी पाहिलेलाच नाही. जो तो येऊन बोट लावून बघतोय. कापडाचे जोड कुठे आहेत ते कपडेपटातल्या ताईंनाही सापडेना, आणि त्यांचा सगळा जन्म शिलाईत गेलाय.

तुला ठाऊक आहे, हे माझं पहिलं नाटक. इतकी वर्षं दुसऱ्यांनी ठरवलेले दिवे मी शिडीवर चढून लावत होते. या वेळी कुठला दिवा कधी लागणार हे मी ठरवणार. सगळे म्हणत होते, छापील पडदा आणू, दोन दिवसांत काम होईल. मी हट्टाला पेटले की पडदा माझा मामाच रंगवेल. तेव्हा यात तुझ्याबरोबर माझंही नाक अडकलंय.

आता तक्रार. आकाश जरा गडद झालंय. जराच. शेवटच्या प्रवेशात मुलगा खूप वर्षांनी घरी येतो, आई दार उघडते, तेव्हा मागे पहाट दिसायला हवी. सध्या एवढ्या निळ्याभोर आकाशामुळे तिथे भर दुपार वाटते. पण तू काळजी करू नकोस, मी दिव्यांनी सांभाळून घेते. निळ्या दिव्यावर पिवळा दिवा टाकला की पांढरं होतं. तेव्हा तुझ्या निळ्यावर सणसणीत पिवळा टाकते, होईल फिकट. बाईंना, म्हणजे आमच्या दिग्दर्शिकेला, पडदा आवडला.

फोनवर रंग दिसत नाही म्हणून तू मला नेहमी पत्रच लिहायला लावतोस. मग उत्तरासोबत आकाशाच्या सहाही छटांची पट्टी चिकटवून पाठव. दिवे जुळवताना हाताशी राहील.

तुझी भाची


११ फेब्रुवारी

बटणबाई,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते दात-ओठ खाऊन दिलेत असं समज.

गडद? चाळीस वर्षांत माझ्या आकाशाला कुणी गडद म्हटलेलं नाही. ढगांना नावं ठेवली, झाडांना ठेवली, एकदा माझ्या राजवाड्याला लोक रेल्वे स्टेशन म्हणाले, तेही ऐकून घेतलं. पण आकाशावर बोट ठेवायची कुणाची हिंमत झाली नाही. मी माप घेऊन रंग करत नाही, जुनी पट्टी समोर ठेवून तर मुळीच नाही. पूड घ्यायची, सरस घालायचा, घोटायचं आणि नजरेला विचारायचं. नजर बास म्हणाली की बास. हा पडदा मी साडेपाच आठवडे केलाय. मामीने चार वेळा जेवायला हाक मारली तरी शिडीवरून उतरत नव्हतो.

आणि निळ्यावर पिवळा टाकून फिकट करणार म्हणे! अगं, लहानपणी पडदे रंगवायच्या शेडमधला दिवा दिवसातून शंभर वेळा लावून-विझवून तू माझा जीव खायचीस ते एक असो, पण माझ्या रंगाच्या वाट्याही तूच धुवायचीस ना? एवढं विसरलीस? पूर्वी नाटकं पिवळ्या बल्बांवर व्हायची, तेव्हाच मला शिकवलेलं आहे की बल्बाखाली निळा मरतो. रंग काही देत नसतो गं, तो खातो. निळा रंग लालही खातो, पिवळंही खातो आणि निळं तेवढं थुंकतो. त्याच्या ताटात नुसतं पिवळं वाढलंस तर सगळं खाऊन तोंड काळं करून बसेल. करून बघ हवं तर.

मागे तू म्हणाली होतीस की लाल दिवा आणि हिरवा दिवा मिळून पिवळा होतो. तेव्हा पाहुणे होते म्हणून मी हसलो नाही, एवढंच. माझ्या वाटीत लाल आणि हिरवा मिळून शेण होतं.

सहा छटा चिकटवल्यात. तळाशी क्षितिजाजवळची, वर माथ्यावरची. नीट बघ आणि सांग, यात गडद काय आहे.

मामा


१७ फेब्रुवारी

मामा,

तू जिंकलास. सणसणीत पिवळा टाकला आणि आकाशाला काजळी धरली. सुतार खालून ओरडले, "ताई, वीज गेली का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू म्हणतोस तसंच आहे: तुझ्या निळ्याला खायलाच घातलं, परत द्यायला काही ठेवलं नाही. मी पडद्यालाही दिवाच समजून बसले होते.

पण दिव्यांचं मी म्हणते तेही खरं आहे, आणि ते तुला पटवल्याशिवाय मी सोडणार नाही. सोबत लाल, हिरवा, निळा असे तीन पारदर्शक कागद पाठवतेय. आम्ही याला जिलेटीन म्हणतो, दिव्यापुढे लावायचं. तीन टॉर्च घे, तोंडाला एकेक कागद रबराने बांध आणि अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या भिंतीवर पाड. तुझे रंग एकात एक मिसळले की खाणारी तोंडं वाढतात, म्हणून शेवटी चिखल होतो. दिवे एकावर एक पडले की भिंतीला मिळणारं वाढत जातं. लाल आणि हिरवा मिळून पिवळा, आणि त्यावर निळा आला की पांढरं. बघ आणि लिही.

आता दुसरं. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. बाईंना पडदा आवडलेला नाही. त्या म्हणाल्या, "हे आकाश आहे की शाईची दौत?" पंधरा मार्चला रंगीत तालीम आहे. तोवर पहाट दिसली नाही तर तुझा पडदा उतरवायचा आणि छापील लावायचा, असं ठरलंय. मी तुला हे सांगणार नव्हते, पण तुझ्यापासून लपवून तुझ्याच पडद्यावर काम करणं जमेना.

वरच्या तीन छटांत थोडा पांढरा वाढवून देतोस का? मी दोन दिवस रजा काढून मदतीला उभी राहीन.

भाची


२४ फेब्रुवारी

बटणबाई,

आधी तुझा खेळ. एक टॉर्च घरचा, एक शेजारच्या शिंपीणबाईंचा, एक समोरच्या घड्याळवाल्याचा. बेडरूमचे पडदे ओढले. मामी लाल-हिरवा घेऊन उभी राहिली आणि दोन्ही एकमेकांवर आणले. अगं बाई गं! खरोखरच पिवळा! मी भिंतीजवळ जाऊन हात फिरवला. चाळीस वर्षं रंगात घालवली आणि लाल-हिरव्यातून पिवळा निघताना आज पाहिला. हे मी मान्य करतो, लेखी देतो, वाटलं तर चौकट करून लाव.

पण तुझं ते पांढरं काही जमलं नाही. निळा टॉर्च फारच मिणमिणता. मी म्हटलं, घड्याळवाल्याने मेलेले सेल घालून दिलेत. नवे घातले, तरी तेच. तिन्ही एकत्र आणले तर भिंत पिवळसरच राहिली. तुझा निळा कागद खराब असणार.

आता पडद्याचं. शाईची दौत! बरं. तुझ्या बाईंना सांग, दौतही आम्हीच रंगवायचो आणि लोक त्यात टाक बुडवायला जायचे. पांढरा वाढवून देणार नाही. जे मला दिसतं ते बरोबर आहे, त्यात मी उगीच पांढरा घालून ते बिघडवू? पडदा गुंडाळ आणि परत पाठव. छापील लावा, खुशाल लावा. मी ब्रश धुऊन माळ्यावर टाकले आहेत. दोन-तीन वर्षांनी एक काम आलं आणि तेही असं. पुन्हा हातात धरणार नाही, ही काळ्या दगडावरची रेघ.

तुझ्यावर राग नाही. थोडा आहे.

मामा


१ मार्च

मामी,

हे पत्र तुलाच आहे, मामाला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

मामाने लिहिलंय की निळा टॉर्च मिणमिणता होता. मी कागद पाठवण्याआधी इथे तपासले होते, निळा चांगला ठसठशीत पडत होता. ते वाचून माझं मन थाऱ्यावर राहिना. मग माझी जुनी पेटी काढली. मी बारावीत असताना मामाने एक पहाट रंगवली होती आणि तिच्या सहा छटांची पट्टी मला पुस्तकात खूण म्हणून दिली होती. ती या नव्या पट्टीशेजारी ठेवली. मामी, नवी पट्टी खूपच निळी आहे. माणूस तोच, पहाट तीच, तरी.

मग सहज आमच्या ढिगातला एक फिकट पिवळा कागद उचलला, वाळक्या गवताच्या रंगाचा. सणसणीत पिवळा सगळंच निळं अडवतो, हा थोडंसंच अडवतो. तो नव्या पट्टीवर धरला आणि जुनी उघडी ठेवली. दोन्ही पट्ट्या एक झाल्या. एक छटा नाही, सहाच्या सहा.

मामी, मामाच्या डोळ्यात असा कागद बसलाय का? त्याला निळं कमी दिसतं, म्हणून तो नजर बास म्हणेपर्यंत निळा घालत जातो का? खरं सांग.

तुझी बटणी


५ मार्च

बाळा,

बरं झालं तू विचारलंस. मी मूग गिळून गप्प बसून थकले.

टॉर्च चांगला होता. भिंत लख्ख निळी झाली होती आणि हे म्हणतात, "सेल बदल." मी मुकाट्याने बदलले. मागच्या महिन्यात हे एक काळा आणि एक निळा मोजा घालून पाहुण्यांकडे आले होते, मी ह्यांच्या पायांवर पदर टाकून बसले. दोन वर्षांपूर्वी बेडरूमच्या भिंती स्वतःच्या हाताने पांढऱ्या केल्या. पांढऱ्यात नेहमी निळ्याचा थेंब घालतात ना, तसा घातला, फक्त थेंबावर भागलं नाही. मी रोज त्या आभाळात झोपते. ह्यांना पांढऱ्या दिसतात तर दिसू दे म्हटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच वर्षापूर्वी ओढून नेलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पिवळा पडलेला, चहासारखा. साधं ऑपरेशन आहे म्हणाले. ह्यांनी ती चिठ्ठी ब्रशांच्या डब्यात तळाशी घातली आणि मला सांगितलं की डॉक्टर म्हणाले, वय झालं की असंच असतं. मी बाहेरच्या बाकावर बसून सगळं ऐकत होते हे ह्यांना अजून माहीत नाही.

तुझं पत्र मी त्यांच्या उशीवर ठेवतेय. ओरडले तर ओरडू देत.

मामी


६ मार्च

बटणबाई,

मामीने तुझं पत्र माझ्या उशीवर ठेवलं. मी ओरडलो नाही. ती स्वयंपाकघरात भांडी आपटत वाट बघत होती.

हो, माहीत होतं. वर्षभर. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच मला शेवटच्या दोन-तीन कामांवरची लोकांची तोंडं आठवली. छान, छान म्हणायचे आणि पुन्हा फिरकायचे नाहीत. मी म्हणायचो, छापील आलंय, काळ बदललाय. काळाच्या नावावर सगळं खपवलं.

मला ऑपरेशनची भीती नाही. भीती पुढची आहे. डोळा उघडेल आणि दहा वर्षांत या हाताने जे जे केलं ते चुकलेलं दिसेल. घरभर दिसेल. मला दुसरं काय येतं? आकाश येतं. तेच चुकलेलं निघालं तर मी कोण, हे तू मला सांग. म्हणून म्हटलं, आहे ते बरं आहे, मला तरी बरोबर दिसतंय.

तू माझ्यासाठी भांडलीस आणि मी तुझं पहिलं नाटक पणाला लावलं, आणि तेही जाणूनबुजून. हे माझ्या जिवाला फार लागलंय. पडदा परत पाठव. खरंच पाठव.

मामी मंगळवारची वेळ घेऊन आलीय, मला न विचारता. एकाच डोळ्याची. जातो.

मामा


१६ मार्च

मामा,

मामीचा फोन आला, ऑपरेशन नीट झालं. मला रडू आलं आणि शिडीवर होते म्हणून पुसता येईना.

आता नीट ऐक. पडदा परत येणार नाही.

तू विचारलंस, आकाश चुकलं तर मी कोण. मी सहाही छटा तपासल्यात, पुन्हापुन्हा. तुझी नजर भरकटली असती तर एखादी छटा तो कागद धरून जुळली असती आणि बाकीच्या इकडेतिकडे गेल्या असत्या. तसं नाही झालं. क्षितिजापासून माथ्यापर्यंत एकाच कागदाने सहाच्या सहा जुळतात, केसाइतकाही फरक नाही. बारा वर्षांपूर्वीची पहाट तू मापाशिवाय, पट्टीशिवाय, समोर पिवळी काच असताना पुन्हा जशीच्या तशी उभी केलीस. हे दुसरं कुणी करून दाखवावं. तुझं आकाश चुकलेलं नाही, मामा. मधे फक्त एक कागद होता.

काल रंगीत तालीम झाली. शेवटच्या प्रवेशानंतर बाई म्हणाल्या, "पडदा राहू दे." दिव्यांचं मी काय केलंय ते सांगणार नाही. अठ्ठावीस तारखेला पहिला प्रयोग आहे. तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या तुमच्या. नाही आलास तर मामीला एकटीला आणीन आणि तुझ्या खुर्चीवर तिची पिशवी ठेवीन.

बटणी


३१ मार्च

बटणबाई,

प्रयोगानंतर भेट झाली, पण तुझ्याभोवती ही गर्दी आणि आम्हांला शेवटची गाडी गाठायची होती. म्हणून लिहितोय.

डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा दिसली ती दवाखान्यातली बादली. एवढी निळी बादली मी जन्मात पाहिली नव्हती. नर्सबाईंना विचारलं, नवीन आणली का? त्या म्हणाल्या, आजोबा, सहा वर्षं झाली. घरी आलो आणि बेडरूममध्ये जाऊन उभा राहिलो. मामीला म्हटलं, हे काय गं? ती म्हणाली, "पांढरा." आणि चादर झटकायला लागली. त्या बाईने दोन वर्षं माझी लाज राखली. मी चादरीचं दुसरं टोक धरलं.

आता खरं सांगतो. प्रयोगाच्या दिवशी आम्ही लवकर आलो होतो. तू वर दिव्यांत होतीस. तुझ्या सुताराने कौतुकाने मला मागे नेलं आणि साध्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली पडदा दाखवला. मी जुना डोळा हाताने झाकला आणि नव्याने पाहिलं. तुझ्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या. शाईची दौतच होती. मामीला म्हटलं, चल, घरी जाऊ. ती म्हणाली, मी नाटक बघायला आलेय, तुम्ही जा. म्हणून बसलो.

नाटक काय होतं ते मला निम्मं कळलं नाही. मी शेवटच्या प्रवेशाची वाट बघत होतो, दात काढायला बसलेल्या माणसासारखा. मुलगा आला. आईने दार उघडलं. मागे उजाडायला लागलं. मी जुना डोळा झाकून घेतला.

आणि बटणे, समोर माझं आकाश होतं. दौत नाही. शिडीवर उभं राहून साडेपाच आठवडे मला जे दिसत होतं तेच, तसंच, तळाशी दुधाळ आणि वर हळूहळू निळं होत गेलेलं. जुन्या डोळ्याने रंगवलेलं मला नव्या डोळ्याने दिसत होतं. मागे एक बाई शेजारणीला म्हणाली, "खरंच पहाट झाल्यासारखी वाटते गं." मग हात बदलून जुन्या डोळ्याने पाहिलं तर सगळं पिवळंजर्द, रद्दीतल्या पेपरासारखं. दोनदा गाळलेलं ना. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला की तू काय केलंस. माझ्या डोळ्यात होता तो कागद तू सगळ्या दिव्यांपुढे लावलास. मला जसं दिसत होतं तसं चारशे माणसांना दाखवलंस. मी रडलो. मामी म्हणते मोठ्याने रडलो, पण ती वाढवून सांगते.

ब्रश माळ्यावरून काढलेत. दगडावरच्या रेघेचं बघू, दगडही मीच रंगवलेला होता. बेडरूम पुन्हा पांढरी करणार होतो, तर मामी म्हणते, हात लावाल तर याद राखा, मला आता त्याशिवाय झोप येत नाही.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी आहे. त्यानंतर जुनी नजर माझ्याकडे उरणार नाही, आणि या दहा वर्षांतली कामं जशी मी केली तशी बघायला मला काहीच साधन राहणार नाही. म्हणून त्या फिकट पिवळ्या कागदाचा तळहाताएवढा तुकडा पाठव. दुमडू नकोस, दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालून पाठव.

मामा